स्टॅनमोरचं खातेवाटप

आबांनी परत जायचं ठरवलं, त्याच आठवड्यात आमच्या लेकीला नेदरलँड्सचं सरकार बनवायचं होतं.

आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून इथे विलायतेत, स्टॅनमोरला आणलं, कायमचं. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. एक उन्हाळा आणि अर्धा हिवाळा काढल्यावर एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "मी निघतो आता. तिकडे माझी कामं खोळंबलीत." तिकडे त्यांची कसलीही कामं नव्हती, फ्लॅटसुद्धा भाड्याने दिलेला होता. तरी पुण्याच्या एजंटला फोन करून त्यांनी पुढच्या बुधवारचं तिकीट काढून टाकलं. मी चिडले. हवं-नको सगळं बघतोय, साधा कपसुद्धा विसळू देत नाही, आणखी काय करायचं माणसाने?

लेक सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला आहे, पॉलिटिक्स शिकते. त्यांच्या वर्गात एक खेळ होता. नेदरलँड्समध्ये निवडणूक झाली आहे, कुणालाच बहुमत नाही, तर सोमवारी सगळ्या पक्षांनी मिळून मंत्रिमंडळ बनवायचं. शनिवारी ती रडकुंडीला आली.

"आबा, हे डच लोक वेडी आहे. सो मेनी पार्टीज, आणि कोणी कोणाशी बोलतच नाही."

आबांनी पेपर खाली ठेवला. "बहुमत नाही?" त्यांनी विचारलं, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला. सगळी हयात महाराष्ट्रात घालवलेल्या माणसाला युती आणि आघाडी कुणी शिकवावी लागत नाही. लेकीने सांगितलं की तिकडे आधी एखाद्या जुन्याजाणत्या माणसाला नेमतात. तो सगळ्यांना भेटतो आणि कुणाचं कुणाशी जमेल ते चाचपून बघतो.

"म्हणजे लग्नातला मध्यस्थ," आबा म्हणाले. "मी झालो."

रविवारी जेवणं झाल्यावर रंगीत तालीम ठरली. नवरा बँकेत असल्यामुळे त्याला हात आखडता घेणारा मोठा पक्ष मिळाला, मला कामगारांचा, लेकीला पर्यावरणवाल्यांचा. आबा जाकीट चढवून, गळ्यात मफलर गुंडाळून आले. एकत्र बसायचं नाही, त्यांनी बजावलं, एकत्र बसलं की भांडणं होतात. मग त्यांनी मला किचनमध्ये बसवलं, नवऱ्याला मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, लेकीला जिन्यात, आणि स्वतः तिन्हीकडे फेऱ्या मारू लागले.

"अर्थ खातं ते सोडणार नाहीत," आबा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. "तुम्ही आरोग्य आणि शिक्षण घ्या. वर उपपंतप्रधानपद मागा."

"देतील का?"

"नाही देणार. पण मागितल्याशिवाय सोडल्याचं पुण्य कसं मिळेल?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आबांनी मला 'तुम्ही' म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला असं हसू फुटलं की उचकी लागली. तेवढ्यात नवरा बोलणी मोडून मागच्या बागेत जाऊन उभा राहिला, त्या कडाक्याच्या थंडीत, कोट न घालता. आबांनी लेकीच्या हातून त्याला चहा पाठवला. चहा संपला तसा तो परत आला. रुसलेल्या जावयालाही असंच आणतात.

मग आबांनी सगळ्यांना पुन्हा जेवणाच्या टेबलाशी बसवलं. नेदरलँड्स कधी मागे पडलं आणि आमचं घर कधी पुढे आलं, कळलंच नाही. अर्थ आपल्याकडे म्हणजे हीटिंगही आपल्याकडे, असं नवरा म्हणाला. तसंही थर्मोस्टॅट तो अठरावर ठेवतो आणि त्याच्यावर नागासारखा बसतो. मी किचन घेतलं आणि डिशवॉशर भरायचं काम विरोधी पक्षाला द्या म्हटलं. लेकीने पर्यावरण मागितलं, तेव्हा कौन्सिलचे कचऱ्याचे बिन बाहेर ठेवणं त्यातच येतं हे आबांनी तिच्या लक्षात आणून दिलं. तिने आयुष्यात एक बिन ढकललेला नाही. ती हसता हसता खुर्चीवरून घसरून कार्पेटवर लोळायला लागली. शेवटी आबांनी उभं राहून खातेवाटप जाहीर केलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आबा, आणि तुम्हाला काय मिळाला?" लेकीने विचारलं.

"मध्यस्थाला काही नसतं गं. जेवण असतं."

आम्ही हसलो, तेही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "तसा मी आल्यापासून बिनखात्याचा मंत्रीच आहे. मान आहे, गाडी आहे, चहा जागेवर येतो. फाईल तेवढी एकही येत नाही. कशालाही हात लावला की म्हणता, आबा, तुम्ही बसा."

ताटं उचलायला ते उठले होते तेव्हा, तासाभरापूर्वीच, मी तेच म्हटलं होतं. मोठ्यांना काम सांगायचं नसतं, हे आम्ही सगळेच लहानपणापासून शिकलेलो.

लेक कार्पेटवरून उठली. "मी सपोर्ट काढला. आबाला खाता दिल्याशिवाय मी सरकारमध्ये नाही."

सरकार पडलं. नवऱ्याने घाईघाईने बाग देऊ केली. "या थंडीत काय उगवतं इथे?" आबा म्हणाले. "शोभेचं खातं नको. मला हीटिंग पाहिजे. आणि बुधवारचा स्वयंपाक."

"बुधवारी तर तुमचं विमान आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच मागतोय."

स्वयंपाक मी तिथल्या तिथे सोडला. आता वाटाघाटी कसल्या करायच्या? नवरा मात्र पडेल चेहऱ्याने बसून होता.

"हीटिंगसाठी आपण समिती नेमू," तो म्हणाला.

"समिती म्हणजे नाही," आबा म्हणाले. "मग मी बॅग भरतो."

नवरा उठला, हॉलमध्ये गेला. बाप कुठल्या कामासाठी मागे लागलाय असं त्याने कधी पाहिलं नसावं. तिथूनच त्याचा आवाज आला, "आबा, या इकडे. कसं चालतं ते दाखवतो."

वर्गातलं सरकार सोमवारी बनलं आणि खेळ संपायच्या आत कोसळलंही. लेक जाम खूष होती, कारण पाडलं तिनेच. आबांनी एजंटला फोन करून तिकीट रद्द केलं. बुधवारी संध्याकाळी बाहेर गाड्यांच्या काचांवर दंव गोठलं होतं आणि आत थर्मोस्टॅट तेवीसवर होता. आम्ही अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टांत पिठलं-भात खात होतो. पिठल्यात गुठळ्या होत्या, मीठ थोडं जास्त होतं, आणि आम्ही तिघांनी दोनदा वाढून घेतलं. जेवणं झाल्यावर ताटं उचलायला मी उठले.

"सूनबाई," आबा म्हणाले, "तू बस."