एल्रॉयची कळ आणि मेहुण्याची भेट

आमच्या एल्रॉय क्रुशेकला चर्चबाहेर कुणी 'कसा आहेस' विचारलं, तरी तो आधी मागं वळून बघायचा, की याला नक्की काय हवंय! अशा माणसाला सख्ख्या मेहुण्यानं भेट दिली, म्हणजे मग बघायलाच नको.

भेट होती धनुष्याच्या कळीची. चाकांच्या धनुष्याची दोरी आम्ही बोटांनी नाही ओढत, कळीत अडकवून ओढतो आणि कळीनंच सोडतो. एल्रॉयची जुनी कळ मनगटाला पट्ट्यानं बांधायची आणि तर्जनीनं चाप दाबायची. कळ सोन्यासारखी, बोट वाईट. नेम लागला रे लागला की बोट चापावर झडप घालायचं आणि बाण भलतीकडं. मागच्या शिकारीच्या हंगामात एक हरीण जखमी होऊन दलदलीत शिरलं, ते सापडलंच नाही.

आमच्या टोळीचा नियम असा, की हंगामाआधी प्रत्येकानं ॲपल पाय, म्हणजे सफरचंदाचा गोड पदार्थ, भाजायच्या पत्र्याच्या ताटलीत बाण मारून दाखवायचा. चुकला, तर त्याचं मचाण पुढच्याला. एल्रॉयचं मचाण ओकच्या टेकाडावर, त्याच्या बापानं ठोकलेलं. आणि पुढचा कोण? भेट देणारा मेहुणा, व्हर्जिल!

"हिला चाप कुठाय?" एल्रॉयनं ती पितळी कळ उलटसुलट केली.

"नाहीच. बिजागरी आहे. पाठ ताणत राहा, मूठ फिरते, बाण सुटतो. कधी सुटला ते तुला कळतच नाही. तोच इलाज."

"म्हणजे बाण माझा आणि वेळ तिची?"

"लग्न केलंस तेव्हा वेगळं काय होतं?" व्हर्जिल म्हणाला.

एल्रॉय ती कळ घेऊन माझ्या गोठ्यात आला. पहिल्याच ओढीला ती अर्ध्यात सुटली आणि त्याचीच मूठ त्याच्या तोंडावर! ओठ फुटला.

"बघितलंस? सापळा लावलाय मेहुण्यानं."

"अरे, ओढताना भार पहिल्या बोटावर ठेव," मी म्हणालो. हसू आवरत नव्हतं. "नेम धरल्यावर तो हळूहळू बाकीच्या बोटांवर जाऊ दे."

मग रोज संध्याकाळी गवताच्या गठ्ठ्यासमोर उभा राहून, डोळे मिटून तो बाण सोडायचा. हळूहळू बोट झडप घालायचं विसरलं.

"पण जंगलात कुठली नेऊ?"

"तुझी जुनीच. ही पितळी थंडीत हातमोज्यातून निसटून मचाणाखाली पडेल, आणि हरीण काही तुझी पाठ ताणून होईस्तोवर थांबत नाही. चाप जुना, दाबायची रीत मात्र ही नवी."

ताटलीचा दिवस आला. एल्रॉयनं मनगटाची कळ बांधली, सावकाश पाठ ताणली, आणि बाण ताटलीत! आम्ही टोप्या उडवल्या. एल्रॉय मात्र ताटलीपाशी जाऊन वितीनं मापं घेत बसला.

"ही ताटली कुणाची?"

त्याची बहीण डोरीन, व्हर्जिलची बायको, पुढं आली.

"माझी."

"नेहमीची कुठाय?"

"तिच्यात आजचा ॲपल पाय आहे."

"ही चर्चच्या जेवणावळीतली मोठी ताटली आहे, डोरीन."

"बाबांचं मचाण आहे, एल्. राहू दे ना तुझ्याकडं."

एल्रॉय मेहुण्याकडं वळला. "तूच सांगितलंस ना हिला? म्हणजे उद्या एल्रॉयनं फसवलं अशी सगळीकडं बोंब मारायला मोकळा."

"मला मचाण हवंय, नाही कशाला म्हणू?" व्हर्जिल भडकला. "पण तुझी जखमी हरणं हुडकत कंबरेएवढ्या चिखलात फिरून जीव विटलाय माझा. म्हणून कळ दिली. ताटलीचं मला काही ठाऊक नाही."

"माझा विश्वास नाही. आण ती लहान."

डोरीननं रागारागानं ॲपल पाय थाळीत उलटा केला, फुटला तो फुटला, आणि ताटली नेऊन गठ्ठ्याला लावली. एल्रॉयनं पुन्हा दोरी ओढली. इतका वेळ धरली की व्हर्जिलच श्वास रोखून लाल झाला. टण्!

भोक कडेपाशीच होतं. व्हर्जिलनं वाकून पाहिलं.

"आत आहे. मचाण तुझं."

एल्रॉयनं भोकात बोट घातलं, कडेवरून फिरवलं, आणि मला हाक मारली.

"इकडं ये. तू बघून सांग. हा काय, मेहुणा आहे."

मी पाहिलं. आतच होतं.