नापासराव ड्रिल निवडतात

लेकीनं स्वतःचं घर घेतलं, आणि घर घेतलं म्हणजे टेबल आलंच. म्हणून त्या दिवशी तिघंही फर्निचरच्या दुकानात गेली होती. लेक, तिची आई आणि तिचे बाबा. टेबल तिला आवडलं होतं, पसंतीची पावती फाडून झाली होती, विक्रेता गल्ल्यावरून पेन शोधून आणत होता, आणि तेवढ्यात बाबांनी बोटाच्या पेरानं टेबलावर टकटक केलं. कान लावला. पुन्हा टकटक. मग मान हलवून भर दुकानात मोठ्यानं म्हणाले, "नापास!"

तर हे आपले नापासराव. खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नाही, आणि त्यांनाही चटकन आठवेल याची खात्री नाही. कपबश्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात घालवली. काम एकच. समोर कप यायचा, हे नखानं टिचकी मारायचे. खणखणला तर पुढं, बद्द वाजला तर पिंपात. दुसऱ्यांनी केलेलं नापास करायचं आणि संध्याकाळी डबा घेऊन घरी यायचं. कान असा की केसाएवढी चीर त्यांना ऐकू यायची. मात्र एवढ्या वर्षांत स्वतः एक कप केला असेल तर शपथ! निवृत्तीच्या दिवशी कारागिरांनी चाकासमोर स्टूल ठेवून म्हटलं होतं, "साहेब, जाताजाता एक तरी करून बघा." साहेब म्हणाले, "बस चुकेल." बस त्यांच्या गेटासमोर दर पाच मिनिटांनी यायची.

असो. दुकानात 'नापास' म्हणून थांबतील तर ते नापासराव कसले! पुढं म्हणाले, "हे असलं पोकळ टेबल माझी लेक वापरणार? मी करतो टेबल. माझ्या हातानं करतो."

लेक दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांचे थरथरते जबडे बघणारी बाई. पण त्या क्षणी बाबांच्या तोंडावरचं तेज बघून ती विरघळली आणि तिनं पावती रद्द केली. "बाबा, नक्की ना? महिनाअखेरच्या रविवारी दवाखान्यातली सगळी मंडळी जेवायला येणारेत माझ्याकडे. पहिल्यांदाच येतायत."

"टेबलावरच जेवतील," नापासराव म्हणाले. "शब्द आहे माझा."

त्यांच्या बायकोनं, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या काकूंनी, तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

आता खरं सांगायचं तर काम काही डोंगराएवढं नव्हतं. वखारवाल्यानं लाकूड मापात कापून, रंधा मारून, गुळगुळीत करून दिलं होतं. वरची मोठी फळी, चार पाय, पायांना जोडणाऱ्या पट्ट्या. भोकं पाडायची, स्क्रू पिळायचे, संपलं. मागच्या खोलीतलं जुनं वॉशिंग मशीन हलवून नापासरावांनी तिथं 'वर्कशॉप' केलं, दाराला तशी पाटीही लावली. सगळं होतं. नव्हतं ते फक्त ड्रिल मशीन.

आणि इथंच घोडं अडलं.

हार्डवेअरवाल्यानं दोन ड्रिलं काउंटरवर ठेवली. एक स्वस्तातलं, वायरचं. बटण दाबलं की असं केकाटायचं की शेजारचं गिऱ्हाईक खिळ्यांचं पुडकं टाकून दोन पावलं मागं सरकलं. दुसरं भारीतलं, बॅटरीवालं, ब्रशलेस मोटर, हातात घेतलं की भारदस्त आणि मऊ. बटण दाबलं की मांजर गुरगुरावं तसा आवाज. नापासरावांनी ते उजव्या हातात धरलं, डाव्या हातात धरलं, गालाजवळ नेलं. अहो, माणूस प्रेमात पडताना कसा दिसतो ते हार्डवेअरवाल्यानं त्या दिवशी फुकटात बघितलं.

"मग हेच देऊ?" त्यानं विचारलं.

"थांब रे. एका टेबलासाठी हत्ती पाळायचा का?"

"मग ते वायरचं न्या."

"ते? मधेच जळलं म्हणजे? अर्धं टेबल घेऊन बसू?"

रात्रंदिवस तेच. चहाच्या कपावर टॉर्क, आंघोळीला जाताना वॉरंटी. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून काकूंनाही ड्रिलचं टोक म्हणजे बिट आणि ते पकडणारा जबडा म्हणजे चक, हे पाठ झालं. एकदा नापासरावांनी स्वस्तातलं आणलं, संध्याकाळी परत. एकदा धीर करून भारीतलं आणलं. दुसऱ्या दिवशी सीलसकट परत. हार्डवेअरवाला त्यांना लांबून येताना बघून शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि खाली बसून राहायचा. नापासराव वाकून शटरखालून विचारायचे, "बॅटरी एक चांगली का दोन?"

गंमत अशी, की या नादात नापासरावांचं ज्ञान इतकं वाढलं की गल्ली त्यांचा सल्ला घ्यायला यायला लागली. "कधीमधी लागणार असेल तर स्वस्तातलं घे, रोज लागणार असेल तर भारीतलंच घे, आणि बिटवर मात्र कधी कंजुषी करू नकोस," असं ते छातीठोक सांगायचे. आणि अगदी बरोबर सांगायचे बरं का! वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांचं ऐकून ड्रिल घेतलं आणि आठवड्यात चपलांचं कपाट उभं केलं. समोरच्या ड्रायव्हरनं कुत्र्याला घर केलं. ज्यानं ज्यानं नापासरावांना विचारलं, त्याच्या त्याच्या घरी काही ना काही उभं राहिलं. आणि नापासरावांच्या वर्कशॉपमध्ये? तिथं टेबलाच्या पायांवर काकूंचे टॉवेल वाळत होते.

"अहो, नमनालाच घडाभर तेल चाललंय," काकू म्हणाल्या. "भोक कधी पाडणार?"

"यंत्र योग्य नसेल तर लाकूड फुटतं."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

लेकीचा फोन यायचा. "बाबा, टेबल कुठवर आलं?"

"झालंच समज!" नापासराव सांगायचे, आणि फोन ठेवला की त्यांचं धाबं दणाणायचं. मग ते वर्कशॉपमध्ये जाऊन फळीवरून हात फिरवत उभे राहायचे. पेन्सिलीच्या खुणा करून ठेवल्या होत्या, तिथं तिथं बोट टेकवायचे आणि काढून घ्यायचे. फळीला अजून एकसुद्धा भोक नव्हतं. इतकी निर्दोष फळी त्यांनी जन्मात बघितली नव्हती.

बघता बघता महिनाअखेरचा रविवार आला. सकाळी काकूंनी टेम्पोवाल्याला बोलावलं, टॉवेल काढले आणि म्हणाल्या, "उचला."

"अगं पण ड्रिल..."

"उचला म्हणते ना!"

वाटेत नापासराव टेबलाचा एक पाय मांडीवर घेऊन बसले होते. लेकीनं दार उघडलं तेव्हा तिच्या मागं नवंकोरं घर चमकत होतं, आणि जेवणाच्या खोलीत टेबलाची जागा तिनं आधीच झाडूनपुसून रिकामी ठेवली होती. तिनं बाबांच्या मागं बघितलं. फळी होती. पाय होते. टेबल नव्हतं.

"बाबा?"

नापासरावांची ततपप झाली. "पोरी, टेबल झालं नाही."

"किती झालं?"

"काहीच नाही."

लेक बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "संध्याकाळी माणसं येणारेत बाबा," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या बाबांनी टेबल केलंय म्हणून. दुकानातलं सोडून दिलं मी त्यासाठी."

शेवटी लेकीनं नाक पुसलं, तरातरा स्वयंपाकघरात गेली, सिंकखालचा खण ओढला आणि भांडी घासायच्या साबणाशेजारून एक ड्रिल काढून आणलं. वायरचं. अंगाला पिठाचे डाग.

"हे कुठलं?" नापासराव ओरडले.

"कोपऱ्यावरच्या दुकानातलं. आरसा टांगायचा होता, घेऊन आले."

"दोन-चार दुकानं फिरून?"

"बाबा, आरसा टांगायचा होता."

नापासरावांनी ते हातात घेतलं आणि सवय ती सवय! "हे बघ, याचा चक हलतोय. वायर आखूड. मोटरला थंड हवा घ्यायला जागाच नाही. असल्या यंत्रानं..."

"बाबा," लेक म्हणाली. आवाज तिचा दवाखान्यातला होता. "तुम्हाला भीती वाटतीय ना?"

नापासराव एकदम थांबले. वर बघितलं, खाली बघितलं. "हो," ते म्हणाले. "फार वाटतीय गं. जन्मभर लोकांचं नापास करत आलो. आता माझंच चुकलं तर मी कुठल्या पिंपात टाकू?"

काकूंनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि लगेच उगाचच पिशवी आवरायला लागल्या. लेक बाबांच्या मागं येऊन उभी राहिली. "मी रोज लोकांच्या तोंडात ड्रिल घालते. त्यांनाही भीती वाटते. त्यांना जे सांगते तेच तुम्हाला सांगते. सावकाश जायचं, दाबायचं नाही, आणि फारच भीती वाटली तर डावा हात वर करायचा."

नापासरावांनी लगेच डावा हात वर केला.

"अहो बाबा, अजून सुरूसुद्धा केलं नाहीये!"

आता पहिली पट्टी ठेवायची कुठं? फरशीवर नको, नव्या फरशीला तडा जाईल, असं नापासरावांनी बजावलं, बिनचूक माणूस! ओट्यावर नको, ओरखडा पडेल. मग त्यांच्या सुपीक डोक्यातून निघालं की पट्टी पलंगावर ठेवू, गादी मऊ असते, कशालाच धक्का नाही. पट्टी गादीवर ठेवली. पेन्सिलीच्या खुणेवर बिट टेकवलं. लेकीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. डोळे मिटून नापासरावांनी बटण दाबलं.

काय तो आवाज! भुसा उडाला, लाकडाचा वास सुटला, आणि त्यांना हाताला कळलं की बिट आत चाललंय. आत चाललंय! त्यांच्या हातानं! आनंदाच्या भरात ते बटण सोडायचंच विसरले. बिट पट्टीतून पार झालं, चादरीत शिरलं, चादर गर्रकन गुंडाळली, गादीतला कापूस ओढला, आणि ड्रिल एक आचका देऊन जागच्या जागी बंद पडलं. पलंगाच्या चारही कोपऱ्यांवरून चादर मधे गोळा झाली होती.

नापासरावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"भारीतलं असतं," ते हळूच म्हणाले, "तर थांबलं नसतं. माझं मनगटही गुंडाळलं असतं त्यानं."

लेक हसायला लागली. भिंतीला टेकली, घसरत खाली बसली, पोट धरून हसत राहिली. काकू तर पदर तोंडात कोंबून दाराबाहेर पळाल्या. आणि नापासराव? आधी त्यांना कळेना हे काय चाललंय. जन्मातली पहिली चूक केली होती, तीही चादर, गादी, पट्टी अशी तिप्पट, आणि छत जिथल्या तिथं होतं. लेकही हसतच होती. मग त्यांनाही असं हसू फुटलं की नाकातून शिट्टी आली. चादरीत अडकलेलं बिट सोडवून, पट्टी वर करून त्यांनी भोकातून लेकीकडे बघितलं. "आरपार! बघ, आरपार!"

त्यानंतर माणूस आवरेना. पट्टी दोन खुर्च्यांवर टाकली आणि सुटले. भोकामागून भोक, स्क्रूमागून स्क्रू. ड्रिल तापलं की लेक म्हणायची, "बाबा, त्याला जरा विश्रांती द्या," आणि हे फुंकर घालून त्याला विचारायचे, "काय गड्या, दमलास? चल, एकच." काकूंनी फळी धरली, स्क्रू दातात धरून दिले, आणि मधेच "मला बघू" म्हणून दोन भोकं स्वतः पाडून घेतली. ती सरळ पडली हे इथं सांगून ठेवलेलं बरं. चौथा पाय जोडताना मात्र नापासराव इतके रंगात आले होते की ड्रिल तिरकं गेलं, आणि तो पाय बाहेरच्या बाजूला फाकला. गाडीची वाट बघत एक पाय पुढं टाकून उभा राहिलेला माणूस असतो ना, तसा.

"काढून परत लावू का?" लेकीनं विचारलं.

नापासरावांनी टेबल हलवून बघितलं. हलत नव्हतं. "परत लावायला वेळ कुठाय? आंघोळ करू दे मला, पाहुणे येतील."

संध्याकाळी दवाखान्यातली मंडळी आली. ताटं मांडली, खुर्च्या ओढल्या गेल्या. कुणीतरी फळीवरून हात फिरवून म्हणालं, "छान आहे हो टेबल! बाबांनी केलंय ना?"

लेक काही बोलायच्या आत नापासराव खुर्चीतून उठले. भुशाचा एक कण अजून भुवईत होता. "मीच केलंय," ते म्हणाले. "आणि तो वाकडा पाय तर माझा एकट्याचाच आहे, त्यात कुणाचा हात नाही. दिसला का? वरून नाही दिसायचा. खाली या, खाली. या ना!"

आणि ते स्वतः गुडघ्यावर बसून टेबलाखाली शिरले. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग भूल देणारे मोठे डॉक्टर वाकले, नर्सबाई वाकल्या, रिसेप्शनवरची मुलगी मोबाईलचा टॉर्च लावून आत सरकली. खालून नापासरावांचा आवाज येत होता, "इथं बघा, इथं ड्रिल तिरकं गेलं. मुद्दाम नाही हं, चुकलंच! कसं चुकलं सांगू?"

"अहो, जेवण गार होतंय," काकू वरून म्हणाल्या.

"होऊ दे गं. अजून त्या कोपऱ्यातल्या साहेबांनी बघितला नाही."

मग कोपऱ्यातले साहेबही खुर्ची मागं सारून वाकले.