ताईचा पहिला नियम

आमची ताई म्हणजे शिक्षकांची शिक्षिका. घरात एक भाषा आणि वर्गात इंग्रजी, अशा पोरांना कसं शिकवायचं, हे ती शाळाशाळांतून फिरून शिक्षकांना शिकवते. तिचा पहिला नियम: पोरांना ‘समजलं का?’ असं विचारायचंच नाही. पोरं मान डोलावतात आणि आपण खूश होतो. त्यापेक्षा म्हणायचं, आता तूच मला सांग काय करायचंय ते. हा नियम तिने घरातही लावला. साधं दूध आणायला सांगितलं तरी माझ्याकडून वदवून घेणार! मी पडले धाकटी, बोलते कुणाला?

गेल्या महिन्यात ती आमच्याच शाळेत आली. दोन दिवसांचं प्रशिक्षण, चाळीस शिक्षक. मी दुसरीची बाई, आणि नमुना पाठ तिने नेमका माझ्या वर्गावर घेतला. चित्रं, हातवारे, जोड्या लावणं, सगळं होतं. दोन आठवड्यांपूर्वी आलेली चिमी, जिने माझ्यापुढे कधी तोंडातून ब्र काढला नव्हता, ती फळ्यापाशी जाऊन इंग्रजीत तीन शब्द बोलली. टाळ्यांचा नुसता कडकडाट! खरं सांगते, माझा जरा जळफळाटच झाला.

टाळ्या थांबायच्या आत शिपाईकाका निरोप घेऊन आले. चिमीची आई आज येणार नाही, मावशी उशिरा येईल, तोवर पोरीला ऑफिसात बसवा. ताईने तिथल्या तिथे वाकून, हसत हसत, तो निरोप चिमीला इंग्रजीत सांगितला आणि शेवटी म्हणाली, "ओके?" चिमीने मान डोलावली. घरच्या भाषेत सांगायला असा कितीसा वेळ लागला असता? पण चाळीस जण बघत होते ना! आणि मी, तिची वर्गशिक्षिका, टाळ्या वाजवत होते.

चार वाजता मावशी आली, तर ऑफिसात चिमी नाही. वर्गात नाही, फाटकाशी नाही. ताईच्या चपलेचा पट्टा तुटला, तर ती तशीच अनवाणी धावत सुटली. दीड तास आम्ही तिघींनी सगळा परिसर पिंजून काढला. शेवटी बस डेपोच्या बाकावर पोर सापडली, दप्तर पोटाशी घट्ट धरून. आई दिसली नाही म्हणून ती एकटीच घरी निघाली होती आणि दोन मोठे रस्ते ओलांडून चुकली होती.

मावशीने तिला कवटाळलं. ताई तिच्यासमोर जमिनीवरच बसली आणि या वेळी घरच्या भाषेत म्हणाली, "बाळा, कळलं नव्हतं तर मान का हलवलीस गं?"

"तुम्ही हसत होता ना," चिमी म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर तुमचं हसू गेलं असतं."

घरी येऊन ताई जेवली नाही. मी समजूत घालायला गेले, तर माझ्यावरच खेकसली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने प्रशिक्षणाला उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. मुख्याध्यापिकाबाई घाईघाईने उठल्या.

"किती छान उदाहरण दिलंत, बाई! समजलं ना सगळ्यांना?"

चाळीस माना हलल्या. त्यात माझीही होती.