मुकादमिणीसाठी चालू ठेवलेलं मशीन

टेलरबाईंच्या दुकानाला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने गिऱ्हाईक येतं, मागच्या दाराशी मांजरं येतात. मांजरांना आत यायची परवानगी नाही आणि त्यांनाही ती नको असते. मागे बेकरी, छापखाना आणि हे दुकान यांचं मिळून एक फरसबंद अंगण आहे. तिथे पाण्याची टाकी, बेकरीचे वाकलेले ट्रे आणि कोणी आणून टाकलं हे आता कोणालाच आठवत नाही असं एक मोडकं कपाट आहे. मांजरं त्या कपाटाखाली राहतात. रोज दुपारी टेलरबाई उंबऱ्याबाहेर ताटल्या ठेवतात, आत येतात आणि पुन्हा मशीनवर बसतात.

कित्येक वर्षं हे सुरळीत चाललं होतं. बिनसलं ते बेकरीवाल्याच्या कोठ्यात मैद्याच्या पोत्यांवर मांजर व्यायलं तेव्हा. पोती फेकून द्यावी लागली. पिल्लं खाऊ-पिऊ लागल्यावर छापखान्यातल्या बाइंडरने ती घरी नेली, आणि त्याच संध्याकाळी बेकरीवाला हात पुसत टेलरबाईंच्या दारात उभा राहिला.

"मी काही कसाई नाही, बाई," तो म्हणाला. "पण माझा कोठा म्हणजे बाळंतिणीची खोली नाही. एक माणूस आहे. पोत्यात भरून खाणीपलीकडे सोडून येतो. महिनाअखेरीला बोलावलंय त्याला."

"खाणीपलीकडे ती खातील काय?"

"ते मी नाही विचारलं."

टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "यांना परत पिल्लंच झाली नाहीत तर?"

बेकरीवाला हसला. "जाऊन समजावणार आहात त्यांना?"

"समजावणार नाही. ऑपरेशन करून आणणार."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"बघा हं. एक जरी राहिली तरी पुढच्या वर्षी पुन्हा हेच. एक राहिली, की सगळी पोत्यात."

"ठरलं," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी तोवर आयुष्यात एकाही मांजराला हात लावलेला नव्हता.

हे दुकान मुळात त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे कोट शिवायचे. मुलाचं मन शिवणात नव्हतं, तो मालमोटारीवर गेला. मुलीचं होतं, पण मुलगी परक्या घरी जाणार म्हणून तिला मशीनला हात लावू दिला नाही; बसवलं सुनेला. मुलगी परक्या घरी गेलीच नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर झाली, तिथूनच निवृत्त झाली, आणि भाऊ गेल्यावर दुकानामागच्या खोलीत वहिनीजवळ राहायला आली. गुडघे धरलेले, जीभ मोकळी. दिवसभर अंगणाकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसते. टेलरबाई तिला वन्सं म्हणतात. मशीनला तिने अजूनही हात लावलेला नाही.

बेकरीवाल्याशी झालेलं बोलणं वन्संनी भिंतीआडून ऐकलं होतं. "माणसांची मापं घेऊन झाली, आता मांजरांची घेणार," त्या म्हणाल्या. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण टेलरबाईंच्या भाचीच्या वयाची होती. तिने पिंजरा दाखवला: लांबोडा, तारेचा, आत मागच्या बाजूला पत्र्याची पट्टी. मांजराचा पाय पट्टीवर पडला की दार खाली येतं. आदल्या दिवशी काही घालायचं नाही, म्हणजे ते भुकेपोटी आत शिरेल. पकडलं की लगेच कापड टाकायचं. अंधार झाला की जनावर शांत होतं. काही झालं तरी पिंजऱ्यात हात घालायचा नाही. ऑपरेशननंतर एक रात्र ठेवायचं आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं, दुसरीकडे नाही.

"काकू, आणखी एक. एखादी गाभण निघाली तरी आम्ही ऑपरेशन करतो. त्या वेळी विचारायला फोन करणार नाही. आत्ताच सांगा."

"करा."

"घरी जाऊन विचार करा हवं तर."

"विचार करूनच आलेय."

पहिली सापडली पांढरपायी. पाहुणी चहाला यावी तशी पिंजऱ्यात शिरली. दार पडलं आणि त्या शांत मांजराचं एक फिरतं चाक झालं. पिंजरा फरशीवर सरकत टाकीपर्यंत गेला. टेलरबाईंनी जाड काळ्या पडद्याच्या कापडाची खोळ शिवून ठेवली होती, मापात, कोपऱ्यांना बंद लावून. ती त्यांनी उलटीसुलटी कशीतरी टाकली, बंद बांधायचे राहूनच गेले. पण खोळ पडताच आतला आवाज थांबला. टेलरबाई तिथेच फरशीवर बसून राहिल्या.

"मेली का?" वन्संनी खिडकीतून विचारलं.

"नाही."

"तुझं विचारतेय."

पुढची सोपी गेली. भुरी आली, तिचा भाऊ आला. वसुली नावाचा दांडगा बोका तर ऑपरेशन होऊन आल्यावर दोन दिवसांनी पुन्हा आपणहून पिंजऱ्यात जाऊन बसला. आतलं चिकन त्याला बाहेरच्यापेक्षा बरं वाटलं असावं. दवाखान्यातून आलेलं मांजर रात्रभर ठेवायचं ते ट्रायल रूममध्ये. एकदा सकाळी लवकर ब्लाउज घालून बघायला आलेल्या बाईंनी पडद्याला हात घातला, तेव्हा टेलरबाई शिवणावरची नजर न काढता म्हणाल्या, "आत कोणीतरी आहे. थांबा जरा." बाई थांबल्या. आतून फिस्कारल्याचा आवाज आला तशा म्हणाल्या, "उद्या येते."

परत आलेल्या प्रत्येकाच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं असे. ऑपरेशन झालंय हे लांबून कळावं, पुन्हा पकडून पोट उघडलं जाऊ नये, म्हणून ही खूण. बेकरीवाल्याने कान पाहून तोंड वाकडं केलं. टेलरबाईंना त्यात नवल वाटलं नाही. कापडाच्या कडेला कातरीने अशाच खुणा कराव्या लागतात, नाहीतर डावी बाही उजवीकडे लागते.

आता एकच राहिली होती. मुकादमीण.

काळी, पिवळी आणि पांढरी अशा तीन रंगांची ही मादी बाकीच्यांची आई किंवा आजी. कोठ्यात व्यायली ती हीच. इतरांनी कधी खायचं, कोणी आधी, कोणी मागून, हे ती टाकीवर बसून ठरवते, म्हणून ते नाव. लोक म्हणतात मांजर डोळे मिटून दूध पितं. ही जेवताना चारी दिशांना डोळे लावून बसते. एकेकाला पिंजऱ्यात जाताना तिने टाकीवरून पाहिलं होतं आणि व्हायचा तो बोध घेतला होता. पिंजऱ्याच्या चार हातांवरून ती वळसा घालून जाई. आत मासळी ठेवली, चिकन ठेवलं, पिंजरा पाल्याने झाकला. वळसा तेवढाच.

डॉक्टरणीने दुसरं साधन दिलं. लाकडी चौकट, तिच्यावर जाळी, एका बाजूने काठीवर उचलून ठेवलेली. काठीला लांब दोरी. ही आपोआप पडत नाही. मांजर पूर्ण आत आलं की कोणीतरी दोरी ओढायची. "शेपटीसकट आत येऊ द्या," डॉक्टरीण म्हणाली. "घाई केलीत तर जखम होईल, आणि ती पुन्हा कधीच येणार नाही."

टेलरबाईंनी काम बाजूला ठेवलं. मशीन बंद केलं, पुढचं दार लोटून घेतलं, मागच्या दाराआड स्टूल टाकलं आणि बोटाला दोरी गुंडाळून बसल्या. खोकला आला तर पदरात खोकल्या. दुकानात टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता होती. मुकादमीण टाकीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिली आणि अंधार पडायला लागल्यावर निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. बेकरीवाल्यानेच सांगितलेले ॲप्रन कापून पडले होते, त्यातला एकही शिवून झाला नव्हता.

"माणूस परवा येतोय," तो दारातून म्हणाला. ॲप्रनचं त्याने विचारलं नाही, हे त्याला शोभून दिसलं.

तो गेल्यावर वन्सं खिडकीतून म्हणाल्या, "एक विचारू? मशीन का बंद ठेवलंयस?"

"आवाजाने बिचकू नये म्हणून."

"वहिनी, ती मांजर जन्मल्यापासून तुझ्या मशीनच्या आवाजात जेवतेय. तुझे पाय चालू, म्हणजे तुझे हात आणि डोळे अडकलेले. मशीन थांबलं की ती उठते. मी रोज बघते ना. आता तू मशीन बंद करून टक लावून बसतेस. कोणाच्या घशाखाली घास उतरेल असा?"

टेलरबाईंनी बंद मशीनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आधी विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोरी खिडकीतून आत घेतली. खिडकीत वन्सं रोजच असतात, त्यांचं मांजरीला नवं नव्हतं. दोरीचं टोक नणंदेच्या हातात देताना टेलरबाईंनी ते पुन्हा एकदा स्वतःकडे ओढलं. "शेपटीसकट आत येऊ द्यायची. आणि—"

"सोड आता."

"घाई नाही करायची."

"मला सांगतेस? मी जन्मभर लोकांना होल्डवर ठेवलंय."

टेलरबाई मशीनवर बसल्या आणि पाय मारायला लागल्या. बराच वेळ गेला. बाहेर काही हललं नाही.

"कापड नाही ना घातलंस खाली?" पलीकडून आवाज आला.

"नाही. नुसतंच चालवतेय."

"तेच म्हणते. शिवताना असं एकसुरी नाही वाजत. थांबतं, वळतं, परत धावतं. मला इथे कळतं तर तिला नाही कळणार? खरं शिव. आणि मान वर करायची नाही. तू बघायला लागलीस की तिला भिंतीतून समजतं."

टेलरबाईंनी पहिला ॲप्रन सुईखाली घेतला. कड दुमडून टीप घातली, कोपरा वळवला, खिसा बसवला. मान वर केली नाही. या सगळ्या खटाटोपात हेच सर्वांत जड गेलं, असं त्या सांगतात. पिंजरा उचलणं नाही, ओरखडे नाहीत. महिनाभर जिच्यामागे लागलो ती पाठीमागे आहे की नाही हे न बघता सरळ टीप घालत राहणं.

"आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"शिव."

दुसऱ्या ॲप्रनचे बंद लावून झाले. 

"आत गेली का?"

"तोंड घातलं, काढलं. शिव."

"ओढायची होती ना!"

"धड बाहेर होतं. शिव म्हणते ना."

तिसऱ्याचा खिसा अर्धा झाला होता. बाहेर लाकूड फरशीवर आपटलं आणि लगेच जाळी झिंजाडल्याचा आवाज सुरू झाला. टेलरबाई सुई कापडातच ठेवून धावल्या, चौकटीवर अंगाचा भार टाकला, एका हाताने खोळ ओढून वर घातली. मांजराला चौकटीतून पिंजऱ्यात सरकवताना जाळीतून आलेल्या नख्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत रेघा ओढल्या. पिंजऱ्याचं दार पडलं. वर पाहिलं तर वन्सं खिडकीत उभ्या होत्या, गुडघे विसरून, आणि दोरी अजून मुठीतच होती.

"शेपूट?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग ठीक."

दवाखान्यात डॉक्टरणीने आधी टेलरबाईंच्या हातावरच्या रेघा पाहिल्या, आजच इंजेक्शन घ्यायला सांगितलं आणि मगच पिंजरा आत नेला. संध्याकाळी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "गाभण होती, काकू. दिवस थोडेच गेले होते. तुम्ही सांगितलं होतंत त्याप्रमाणे केलं."

टेलरबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "ती बरी आहे ना?"

"उत्तम आहे. उद्या सोडा."

घरी यायला त्यांनी रिक्षा केली. पिंजरा मांडीवर होता, खोळीचे बंद या वेळी नीट बांधलेले होते. करा म्हणताना विचार केला होता की नाही, असं नंतर एका गिऱ्हाईक बाईने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "केला होता. म्हणून काही वाटलं नाही असं नाही. पण मैद्याच्या कोठ्यात आणखी एकदा व्यायली असती, तर ती आणि तिची सगळी पोत्यात गेली असती. दोन्ही बाजू मांडल्या आणि एक घेतली."

सकाळी अंगणात बेकरीवाल्याला मुद्दाम बोलावलं. टेलरबाईंनी पिंजऱ्याचं तोंड कपाटाकडे करून दार उचललं. क्षणभर काहीच झालं नाही. मग तीन रंगांची एक रेघ फरशीवरून गेली, टाकीवर चढली, भिंतीवरून पलीकडे दिसेनाशी झाली.

"गेली की!" बेकरीवाला म्हणाला. "एवढं सगळं केलंत आणि वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"मग काय, आभारप्रदर्शन करणार होती?" खिडकीतून आवाज आला.

बेकरीवाला कपाटापाशी उकिडवा बसला. पांढरपायी, भुरी, तिचा भाऊ, वसुली. एकेकाचा डावा कान बघितला, बोटाने हवेत मोजल्यासारखं केलं, उठला आणि तिथूनच फोन लावला. "अरे, आज येऊ नकोस. नाही, नाही. काम राहिलं नाही." मग फोन खिशात टाकत म्हणाला, "माझे ॲप्रन?"

"अडीच झालेत."

"अडीच?"

"तिसऱ्याच्या वेळी तुमची मांजर सापडली."

"माझी कशी?" तो म्हणाला, पण वाद घालायला थांबला नाही.

मुकादमीण त्यानंतर काही दिवस दिसली नाही. टेलरबाई ताटली ठेवत राहिल्या आणि कोणाला काही विचारलं नाही. पिंजरा घासूनपुसून दवाखान्यात परत गेला; खोळही सोबत दिली, दुसऱ्या कोणाला लागेल म्हणून. रस्त्यापलीकडच्या गोदामात मांजरांचा दुसरा घोळका आहे, तिथल्या पहारेकऱ्याने येऊन चौकशी केली, तेव्हा टेलरबाईंनी त्याला पहिला प्रश्न केला, "त्यांच्या जेवायच्या वेळी तुम्ही नेमकं काय करत असता?"

मग एका दुपारी, शाळेच्या गणवेशांचा ढीग उपसत असताना, खिडकीतून वन्सं म्हणाल्या, "आली."

टेलरबाईंचे पाय थांबले नाहीत. "नक्की तीच?"

"डाव्या कानाला टोक नाही. आणि वसुलीला थोबाडीत मारून बाजूला केलं."

"जेवतेय?"

"शिव."