हे पुस्तक दुसऱ्या कपाटात ठेवा

"हात जोड. मान वर कर. चेहरा दिसंना."

सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीची बस मला फाट्यावर सोडून नुकतीच गेली होती. डोक्यावरची जाळीची टोपीसुद्धा मी काढली नव्हती. समोर पांढरी गाडी. गाडीला टेकलेली पोरं. एकानं माझ्या तोंडासमोर मोबाईल धरलेला. तो माझ्याच वर्गातला, दहावीला मराठीच्या पेपरात माझं बघून पास झालेला.

गाडीतून गढीवरचे दादा उतरले. आमच्या गावात पडकी गढी आहे, तिच्या सरदाराचे हे वंशज. कंपनीला कामगार पुरवायचा ठेका त्यांचाच. म्हणजे माझी नोकरीही त्यांच्याच हातात.

"म्हन, मी अडानी हाय. मला इतिहासातलं काय कळत न्हाई. चुकले. येवढं म्हनायचं आन घरी जायचं."

माझा गुन्हा काय? मी एक पुस्तक वाचलं होतं.

वाचायचा मला हावरेपणा आहे. बसमध्ये वाचते, जेवणाच्या सुट्टीत वाचते. तालुक्याच्या वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे वाचकांनी मत लिहायचं. एका विज्ञानकथेवर मी लिहिलं, माणसं परग्रहावर राहायला गेली, पण तिथली गटारं कोण उपसतं? लोकांनी अंगठे दिले. राक्षस-राजपुत्रांच्या जाडजूड कादंबरीवर लिहिलं, अख्ख्या राजवाड्यात एकाही दासीला नाव नाही. पुन्हा अंगठे. 'ताई, लई भारी लिहिता.' मी फुगले, खोटं कशाला बोलू.

मग गढीच्या सरदारावरची कादंबरी आली. दादांनीच छापून घेतलेली. त्यात फौज चालते, पण भाकरी कुणी थापत नाही. घोडे दौडतात, लीद कुणी काढत नाही. गढीचा बुरूज मात्र सारखा ढासळतो. शेवटी आमच्या वस्तीतलं एक नवरा-बायकोचं जोडपं पुढे येतं आणि हसत हसत बुरुजाच्या पायाखाली स्वतःला जिवंत पुरून घेतं. मग बुरूज टिकतो.

हसत हसत!

आमच्यात ही गोष्ट आजीकडून पोरीबाळींना कळते. आजीच्या गोष्टीत त्या जोडप्याला बांधून नेतात. बाई सारखी मागे वळून घराकडे बघते. मी ग्रुपवर लिहिलं, 'राक्षसांवर माझा विश्वास बसला, यावर बसला नाही. हे पुस्तक इतिहासाच्या कपाटातून काढून अद्भुत कथांच्या कपाटात ठेवा.'

या वेळी एकही अंगठा आला नाही. सगळ्यांनी वाचलं होतं. मग मला ग्रुपमधून काढलं. मग अनोळखी नंबरवरून मेसेज आला, 'घर कुठं आलं तुमचं?'

आणि आता हे फाट्यावर.

चुकले म्हणायला काय जातं? मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. आत आप्पा. माझा बाप. दोन पोरांच्या मध्ये अंग चोरून बसलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली उतरून दादांपुढे हात जोडले.

"पोरगी हाय मालक. पुस्तकानं डोकं फिरलंय तिचं. मी मागतो माफी."

किती सहज जुळले ते हात. आणि आप्पा हसत होते. मार चुकवायला माणूस हसतो, तसं.

म्हणजे ते जोडपंही हसलं असेल. असंच. आणि कुणीतरी ते बघून ठेवलं असेल, पुस्तकात घालायला.

मी आप्पांचे हात धरून खाली ओढले.

"आप्पा, हात खाली घ्या."

मग मी मोबाईलकडे बघून म्हणाले, "मी अडानी न्हाई. पुस्तक पुरं वाचलंय मी. त्यांना बांधून नेलं हुतं."

दादा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पोराला म्हणाले, "पुस ते. परत घिऊ. आपल्याला घाई न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून बस माझ्यासाठी थांबली नाही. वाचनालयाचं कार्ड बंद झालं. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागतं. संध्याकाळी पांढरी गाडी वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. इंजिन चालूच असतं. मला भीती वाटते. लई वाटते.

मी आजीची गोष्ट लिहून काढली आहे. रोज संध्याकाळी मी समाजमंदिरात बायापोरींना ती मोठ्यानं वाचून दाखवते. गाडी आली की मी थांबत नाही. आवाज वाढवते.