द्वारका सर्कल पायी ओलांडायचं म्हणजे

द्वारका सर्कलजवळ आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. बोरसे सर मालक, मी शिकवणारा. डाव्या सीटवर बसून, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून सोळा वर्षं झाली. माणूस एरवी कसाही असो, गाडीपुढे पायी चालणारा आला की खरा स्वभाव बाहेर पडतो. त्यामुळे किस्से सांगावे तेवढे थोडे. बायको म्हणते, "जेवताना तरी ब्रेक लावा!"

देवळाली कॅम्पचे एक रिटायर्ड सुभेदार शिकायला यायचे. हॉर्न वाजवणं त्यांना असभ्य वाटायचं. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ दोन पिशव्या घेऊन गाडीपुढे आले. सुभेदारांनी काच खाली केली आणि परेडच्या आवाजात गरजले, "सावधान!"

गृहस्थ रस्त्याच्या मधोमध ताठ उभे!

मी ब्रेक दाबला. म्हटलं, "साहेब, सावधान म्हटल्यावर माणूस हलेल कसा?"

सुभेदारांना पटलं. पुन्हा काच खाली केली. "विश्राम!"

गृहस्थांनी पिशव्या खाली ठेवल्या.

हरसूलचे एक भाऊ पिकअप घ्यायची म्हणून शिकत होते. म्हणाले, "सर, ह्ये पांढरं पट्टं कशाला?"

"लोकांना रस्ता ओलांडायला. तिथं गाडीनं थांबायचं."

तेव्हा त्या पट्ट्यांवर दोन रिक्षा, एक टेम्पो आणि एक भेळेची गाडी उभी होती. भाऊंनी सगळं नीट पाहिलं. "मंग बरोबर हाय. समद्या थांबल्यात की!"

आमची चहाची टपरी रस्त्यापलीकडे, अगदी समोर. पण पायी जायची आमची छाती नाही! आम्ही गाडी काढतो, पुढे जाऊन यू-टर्न घेतो, सिग्नलला थांबतो, आणि वीस मिनिटांनी चहा पितो. टपरीवर नवा माणूस आला होता. आम्हाला घाम पुसताना बघून म्हणाला, "लांबून आलात वाटतं?"

बोरसे सर म्हणाले, "समोरून!"

बँकेतल्या एक मॅडम पास झाल्या, लायसन्स आलं, पेढे दिले. आठवड्यानं परत हजर. "सर, तो लाल एल परत चिकटवून द्या."

"का हो?"

"एल होता तेव्हा लोक लांबूनच पळायचे. आता कुणी हलतच नाही!"

पण आमच्या सुमनकाकूंसारखं कुणी नाही. वय अडुसष्ट. रस्ता ओलांडताना त्यांच्या यजमानांना गाडीनं उडवलं, पाय मोडला. काका समोरच्या दवाखान्यात, आणि काकूंना डबा घेऊन पलीकडे जायची धास्ती. म्हणून त्यांनी सरळ आमच्याकडे नाव घातलं!

"मला गाडी नाही शिकायची," म्हणाल्या. "रोज एक लेसन. इथून समोरपर्यंत."

चार दिवस मांडीवर डबा घेऊन नुसत्या बसल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "पैसे भरलेत, तर शिकवा तरी!" लर्निंग लायसन्स काढलं. हात असा स्थिर, की माझा पाय ब्रेकवर झोपी जायचा.

काकांना दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी काकूच स्टिअरिंगवर, शेजारी मी. मागच्या सीटवर प्लास्टरचा पाय आडवा टाकून काका. त्यांचा विश्वासच बसेना. "कधी शिकलीस गं?"

"तुम्ही झोपला होतात तेव्हा."

वळणावर एक म्हातारबाबा काठी टेकत रस्त्यात उतरले. काकूंनी अलगद गाडी थांबवली. बाबा दोन पावलं टाकायचे, श्वास घ्यायचे. मागून हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. काकू शांत.

तेवढ्यात मागच्या सीटवरून काका ओरडले, "अगं, हॉर्न मार की! ही काय रस्त्यात फिरायची वेळ आहे?"

काकूंनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"उतरा," म्हणाल्या.