निवडलेले तांदूळ

शनिवारी सकाळी माझी लेक मुक्ता गाडीची किल्ली घेऊन खाली जाते, पण गाडी जागची हलत नाही. काचा वर करून ती आत बसते आणि मोबाइलवर समुपदेशक बाईंशी बोलते. "कॅमेरा बंद ठेवते गं आई. कुणी बघत नसलं की बोलता येतं."

आज गॅलरीतून ती गाडी बघताना मला माझी आई आठवली. मन भरून आलं की ती तांदळाचं ताट घेऊन शेजारच्या कुसुममावशींकडे जायची. तांदूळ आधीच निवडलेले असायचे. तरी दोघी त्यात खडे शोधायच्या आणि आई बोलत राहायची. मावशी नुसतं "हं" म्हणायच्या, मान वर करायच्या नाहीत. परतताना आईचा चेहरा निवळलेला असायचा. तेव्हा मला वाटायचं, किती ही स्वच्छतेची हौस!

मुक्ता वर आली. डोळे लाल होते. काही न विचारता मी मेथीची जुडी सोडली आणि अर्धी तिच्यापुढे सरकवली. बराच वेळ आम्ही नुसती पानं खुडत होतो.

"आई, ऑफिसात सगळ्यांपुढे मी कुणीच नाही असं वाटतं गं."

मी मान वर केली नाही. "हं," म्हटलं.